लासुर्ण्याचा वारा

मी पोत्यानं पत्रकं छापली आहेत. कॉलेजविरुद्ध, तुंबलेल्या गटाराविरुद्ध, लग्नातल्या डीजेच्या भिंतींविरुद्ध. एवढं छापलं, पण ही एक गोष्ट कुठल्याच कागदावर आली नाही. आईला सांगितली नाही, सोबत काम करणाऱ्यांनाही नाही. तुम्हाला सांगते. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून जरा सोपं जातंय — की तेही एक पळणंच?

आधी माझं काम सांगते. छोट्या अ‍ॅनिमेशन फिल्म असतात, पाच-सात मिनिटांच्या. चित्रं हलतात, पण मुकी असतात. त्यांना आवाज मी देते, संगीतही माझंच. नोकरी नाही, इंदापुरात आमच्या घराच्या वरच्या खोलीत चारी भिंतींना गोधड्या टांगल्यात, तिथंच सगळं चालतं. चित्रातला हत्ती चिखलातून निघाला की मी सैल कणकेत मुठी आपटते. चित्रातली होडी करकरायची असली की बाजेवर बसून हळूहळू डुलते. आई खालून ओरडते, "कणीक वाजवून झाली असंल तर दे, पोळ्या करायच्यात." मला हे काम फार आवडतं. सकाळी उठल्यावर आज काय वाजवायचं, एवढाच प्रश्न असतो. मी सुखी आहे — हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही माझ्यासाठी हळहळणार नाही.

सुरुवातीच्या काळात मी एक मोहीम काढली होती. 'इथल्या चित्राला इथलाच आवाज.' राग खराच होता. चित्रात आपलं गाव, आपली विहीर, आणि पक्षी ओरडतोय कुठल्या तरी थंड देशातला! का? तर इंटरनेटवरच्या आवाजांच्या साठ्यातून फुकट उचलला म्हणून. मी लिहिलं, 'ज्यांना कान आहेत त्यांनी लाज धरावी.' बारामतीच्या स्टँडवर, कॉलेजच्या फाटकात उभं राहून ती पत्रकं वाटली. कुणी चुरगाळून टाकलं तर उचलून परत त्याच्याच हातात दिलं. अशी होते मी. अजूनही बरीचशी तशीच आहे.

त्याच दिवसांत एक फिल्म मिळाली. उभ्या उसात राहणारा उंदीर, आणि फडात तोडणी सुरू होते तो दिवस. सात मिनिटांत जवळजवळ सगळा वाराच — पाचटातून, पात्यांतून जाणारा. दुसरं कुणी असतं तर साठ्यात शोधलं असतं. मी लासुर्ण्याला गेले. वडिलांचे चुलतभाऊ तिथं राहतात, त्यांना आम्ही तात्या म्हणतो. त्यांचा फड तीन दिवसांनी तुटणार होता. शेजारच्या उसाच्या नव्या लागणीला पाणी चालू होतं, आणि मोटारीचा आवाज सगळ्या रानात. शेतीची लाईट एक आठवडा रात्री, एक आठवडा दिवसा असते; त्या आठवड्यात दिवसाची होती. ती वाया घालवणं म्हणजे काय, हे उसाच्या गावात सांगावं लागत नाही. तरी तात्यांनी मोटार बंद केली. बांधावरून जाणाऱ्या प्रत्येकाला ते हातानं गप करत होते. एकजण म्हणाला, "तात्या, वारा पळून चाललाय व्हय? कोंडून ठेवा की खुराड्यात."

"तू गप रं. पोरगी आपल्या फडाचा आवाज धरतीया," तात्या म्हणाले.

दोन तास मी उसात बसले होते, हेडफोन लावून, डोळे मिटून. इतका सुंदर वारा मी आयुष्यात ऐकला नाही.

आता नीट ऐका. माझ्या रेकॉर्डरचं बटण दोनदा दाबावं लागतं. एकदा दाबलं की लाल दिवा लुकलुकतो — यंत्र फक्त तयार असतं. दुसऱ्यांदा दाबलं की दिवा स्थिर होतो आणि ध्वनिमुद्रण सुरू होतं. हेडफोनमध्ये मात्र आवाज दोन्ही वेळा सारखाच येतो. मी एकदाच दाबलं होतं. उन्हात दिवा दिसला नाही म्हणू? मी बघितलाच नाही. घरी येऊन यंत्र जोडलं, तर आत काहीच नव्हतं.

फड अजून तीन दिवस उभा होता. परत जाता आलं असतं की नाही? आलं असतं. तात्यांनी परत मोटार बंद केली असती, वर हसले असते. पण त्यांना हे सांगायचं — आणि ज्यांना मी स्टँडवर अक्कल शिकवली त्यांच्या कानावर ते जायचं! मी गेले नाही. त्याच फुकटच्या साठ्यात शिरले, सगळे वारे ऐकले, आणि एक मक्याचा वारा उचलला. कुठल्या देशातला, मला ठाऊक नाही. फिल्मच्या शेवटी अक्षरं आली, 'सर्व आवाज लासुर्णे येथे ध्वनिमुद्रित.' ती मी लिहून दिली होती. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. तात्या आजही पाहुण्यांपुढं मोबाईल धरतात, "ऐका, ह्यो आमचा फड हाय."

इथवर ते खोटंच होतं. पुढं मी त्याहून वाईट केलं.

बारामतीत एक मुलगी हेच काम करायची. तिला रोहिणी म्हणू. खरं नाव मागं एकदा मी जाड अक्षरांत छापलं होतं, तेवढं पुरे. तिच्या एका फिल्ममध्ये होला, म्हणजे कबुतरासारखा तो पक्षी, घुमत होता. तो आपल्याकडचा नव्हता. मला कसं कळलं? माझे कान तीक्ष्ण म्हणून? नाही — वारा शोधताना त्याच साठ्यात तो मी तीनदा ऐकला होता. मी पत्रक काढलं, 'हा होला कुणाच्या गावचा?' बारामतीत आम्हा फिल्मचं काम करणाऱ्यांची बैठक होती, तिथं ते उभं राहून वाचलं. तिच्यासमोर.

ती उठली. म्हणाली, "साठ्यातलाच आहे. इथला आहे असं मी कधी म्हणाले?"

नव्हतीच म्हणाली. पण मागून कुणीतरी बोललं, "मग होल्याला पासपोर्ट तरी दाखवायला सांगा." सगळे हसले. मीही हसले. ती परत बैठकीला आली नाही. तिच्याकडे ठरलेली पुढची फिल्म दिग्दर्शकानं माझ्याकडे आणली. का आणली, ते मला माहीत होतं. मी घेतली. तिथून माझ्याकडे कामं वाढत गेली, तिच्याकडची थांबली. आता ती लोणी देवकरला एका कारखान्याच्या ऑफिसात हजेरी बघते. नोकरी वाईट नाही. पण तिचे कान माझ्यापेक्षा चांगले होते, हे मला तेव्हाही कळत होतं.

मागच्या महिन्यात ती निमगाव केतकीच्या बाजारात भेटली. तिचं सासर तिथलंच. मी तोंड चुकवायच्या आत तिनंच हाक मारली. म्हणाली, "परवा तुझी ती उंदराची फिल्म परत बघितली. वारा काय धरलायस गं. मला नसतं जमलं. चिडले होते तुझ्यावर, पण तू म्हणालीस ते बरोबरच होतं."

तेव्हा सांगता आलं असतं. भाजीवाल्या बाईशिवाय जवळ कुणी नव्हतं.

मी 'थँक्यू' म्हणाले. वर, 'ये ना घरी,' असंही म्हणाले. तिनं दोन जुड्या कोथिंबीर घेतली होती, त्यातली एक काढून माझ्या पिशवीत टाकली. मी नको म्हणाले नाही.

घरी आईनं त्या कोथिंबिरीच्या वड्या केल्या. खुसखुशीत झाल्या होत्या. मी चार खाल्ल्या.