त्यांच्या कॅसेटवर माझी तोडी

मी एकदा नवऱ्यावर सूड उगवला, आणि त्याची झोप मोडू नये म्हणून तोही हळू आवाजात उगवला. इतकी मूर्ख बाई भिलाईच्या सगळ्या सेक्टरांत मिळून दुसरी सापडली नसती.

परवा नातीनं मोबाइलवर एक गुळगुळीत इंग्रजी गाणं लावलं. मागे पियानो, मधेच सॅक्सोफोन. "आजी, किती शांत वाटतं ना?" म्हणाली. शांत! माझं डोकं असं फिरलं, की हातातली भाजीची सुरी खाली ठेवावी लागली.

तसल्याच गाण्यांची एक कॅसेट आमच्या घरी होती. लग्नाला सात वर्षं झाली होती, मुलगी नुकती शाळेत जायला लागली होती. आमच्या ह्यांचा कॉलेजातला मित्र अमेरिकेहून आला आणि ती देऊन गेला. कोणी एक गायक, आधी चार जणांबरोबर गायचा, मग त्यानं एकट्यानं ही कॅसेट काढली. डबीवर त्याचा फोटो: इस्त्रीचा कोट, मोटारीला टेकलेला, नजर कुठेतरी लांब. गाणी सगळी त्याच्या लहानपणाची. त्याचं गाव, तिथली रेडिओची दुकानं, उन्हाळ्याच्या सुट्ट्या. हे मला अर्थ सांगत आणि उसासे टाकत. अरे, तुमचं लहानपण वर्ध्याजवळच्या खेड्यात कंदिलाखाली गेलं! दुसऱ्याच्या गावासाठी कसले गहिवरता?

हे पोलाद कारखान्याच्या प्लेट मिलमध्ये होते. पोलादाच्या पत्र्यावर कुठे ओरखडा आहे का, ते बघायचं काम. गाणंही तसंच ऐकायचे.

"सरफेस पाहाय, सरफेस! एक ओरखडा नाही. याले जॅझ म्हणतात."

"हो का," मी म्हणायची. कधीकधी तर चहासुद्धा आणून द्यायची. आज ती तेव्हाची मी समोर आले तर स्वतःच्याच हातातला कप काढून घेईन.

कारण गाणं मलाही येत होतं. नागपूरला मी नऊ वर्षं शिकले होते, विशारदचं शेवटचं वर्ष तेवढं राहिलं होतं. तानपुरा लग्नात बरोबर आणला होता. तो जुन्या चादरीत गुंडाळून लोखंडी कपाटावर आडवा पडला होता, कारण आमच्या क्वार्टरांच्या लाइनीत नाइट शिफ्टचा माणूस दिवसा झोपला की सगळं घर श्वास धरून बसायचं. पडदे ओढलेले दिसले की कामवालीही भांडी मोरीत न घासता मागच्या अंगणात नेऊन घासायची. कुकरची दुसरी शिट्टी व्हायच्या आत मी धावत जाऊन गॅस बंद करायची. शेजारीण दाराची कडी न वाजवता खिडकीशी येऊन विचारायची, "दीदी, साहब सोए हैं क्या?" अशा घरात कोणी आ लावतं? कोणी मला गाऊ नको म्हटलं नाही. म्हणायची वेळच मी कोणावर आणली नाही. शहाणी ना मी!

मग त्या वर्षी सेक्टरातल्या मराठी मंडळींनी गणपतीत गायला बोलावलं. अर्धा तास. मला आठ दिवस रियाज हवा होता, आणि नेमका तो ह्यांचा नाइटचा आठवडा. मी विचारलं तेव्हा हे बूट घालत होते.

"पुढच्या वर्षी पाहू ना. तुझा रियाज तरी कुठी राहिला आता?"

दुसऱ्या दिवशी झोपून उठल्यावर ती कॅसेट त्यांनी लागोपाठ दोनदा ऐकली. मी पोळ्या लाटत होते. पोळपाट फुटला नाही हेच नवल.

विकतच्या कॅसेटवर कोणी चुकून रेकॉर्ड करू नये म्हणून तिच्या वरच्या काठाचे दोन कान मोडलेले असतात. त्या भोकांवर चिकटपट्टी लावली की तिच्यावर खुशाल रेकॉर्ड करता येतं. मी सिविक सेंटरच्या बाजारातून चिकटपट्टी आणली. सकाळी अकराला हे आतल्या खोलीत झोपलेले, मी पुढच्या खोलीत टू-इन-वनची प्ले आणि रेकॉर्डची दोन्ही बटणं एकदम दाबली आणि त्या कोटवाल्या माणसाच्या लहानपणावर तोडी गायले. तानपुरा काढला नाही, कपाट करकरलं असतं. आवाज खुलवायचा तिथे मी तो गिळत होते. तान घ्यायची तर आधी आतल्या दाराकडे बघत होते. ज्या माणसाची लाडकी वस्तू मी पुसत होते, त्याचीच झोप सांभाळत होते!

संध्याकाळी ह्यांनी कॅसेट लावली. मी स्वयंपाकघराच्या दारात कमरेवर हात ठेवून उभी राहिले. सात वर्षांची उत्तरं तोंडपाठ करून ठेवली होती. फक्त एकदा ओरडू देत.

आधी नुसती खरखर आली. मग पंख्याचा आवाज, आणि मग भिंतीपलीकडून आल्यासारखी माझी तोडी. आणि तिच्या मागे, अगदी स्पष्ट, ह्यांचं घोरणं. समेवर येत नव्हतं एवढंच. हे दचकले, टू-इन-वनकडे वाकले, बटणापर्यंत गेलेलं बोट तसंच थांबलं. मग मागे टेकले आणि डोळे मिटले. एक बाजू पूर्ण, वीस-बावीस मिनिटं. माझे हात कमरेवर अवघडून गेले. फट् करून बटण वर आलं. आता ओरडतील, म्हटलं.

ह्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि अगदी मनापासून, खरोखरच्या नवलानं विचारलं, "एवढं चांगलं गाते तू! मंग मधातच सोडून काहून देलं होतं?"