पाण्याचे ट्रे

झारीकाकांवर मी इतक्या मोठ्याने ओरडले की शेजारच्या इमारतीतले लोक खिडकीत आले. खोटं कशाला बोलू, तो राग आजही पुरता उतरलेला नाही.

झारीकाका म्हणजे आमच्या संशोधन केंद्राच्या काचघरात रोपं वाढवणारे. आपली झारी ते कुणाला हात लावू द्यायचे नाहीत, म्हणून हे नाव. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, खिशात कायम खडू. पेरलेल्यातली किती उगवली, किती टिकली, ते दाराशेजारच्या खांबावर लिहून ठेवायचे. त्यांची सून एकदा डबा द्यायला आली आणि ट्रेंची सरळ ओळ बघून म्हणाली, "घरी पाणी पिऊन भांडंसुद्धा जागेवर ठेवत नाहीत हो हे!" इथे येण्याआधी अठ्ठावीस वर्षं त्यांनी एका रोपवाटिकेत काढली. तिथून नेलेली रोपं मेली की गिऱ्हाईक ती तशीच उपटून आणायचं आणि यांच्या पुढ्यात टाकायचं. हे सांगताना काका अजूनही मान खाली घालायचे.

माझं काम थंडीचं. टोमॅटोच्या कोवळ्या रोपाला थंडी सोसत नाही. काचघराच्या उबेतून उचलून थेट चार अंशांत तीन दिवस ठेवलं की ते मान टाकतं. पण रोप काही अगदीच बावळट नसतं. गारवा किंवा तहान जाणवली की ते स्वतःच एक संप्रेरक तयार करतं, ॲब्सिसिक ॲसिड नावाचं. त्याने पानांवरची सूक्ष्म छिद्रं मिटतात, पाणी आतच राहतं, पेशी सावध होऊन साखर साठवू लागतात. माझं म्हणणं एवढंच होतं की हे संप्रेरक आपणच आधी बाहेरून फवारलं, तर थंडी अचानक आली तरी रोप तयारीत असेल. ते दाखवायला निम्म्या ट्रेंवर संप्रेरक फवारायचं, निम्म्यांवर नुसतं पाणी, आणि मग सगळे थंड खोलीत. फवारलेली जगायला हवीत आणि पाण्याची मरायला हवीत, इतकं साधं.

पहिल्या वेळी सगळी जगली. पाण्याचीसुद्धा! मला वाटलं, थंड खोलीचा काटा बिघडला. मेकॅनिक आला, बघून गेला, काटा ठणठणीत. दुसऱ्या वेळी संप्रेरकाची नवी बाटली मागवली. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी तासातासाला तापमान लिहीत बसले, तर पाण्याची रोपं अशी ताठ बाहेर आली, जशी काही हवा खायला गेली होती. माझे मार्गदर्शक सर म्हणाले, "फरक नाही म्हणजे नाही. एकदा शेवटचं करून बघ. नाहीतर विषय बंद, थंड खोली दुसऱ्या गटाला देतो." तीन वर्षं पाण्यात! चौथ्या वर्षी नवा विषय घेऊन मी काय करणार होते, कपाळ?

चौथी पेरणी तीन आठवड्यांची झाली. एक दिवस नेहमीसारखी पाचला निघाले आणि फाटकाशी आठवलं, घराची किल्ली काचघरातल्या टेबलावरच राहिली. परत येते तर काचघर रिकामं. माझे सगळे ट्रे मागच्या व्हरांड्यात, गार वाऱ्यात मांडलेले आणि शेजारी उलट्या बादलीवर काका, मफलर गुंडाळून.

"काका, हे काय चाललंय?"

"काही नाही ताई, दोन तास वारं दाखवतोय. उद्यापासून पाणीही जरा तोडतो. एकदम थंडीत ढकलली तर मरतील ना बिचारी."

"हे तुम्ही दर वेळी करता?"

"मग! चार-पाच दिवस आधीपासून. तुम्ही गेलात की काढतो बाहेर. बघा की, तिन्ही वेळी एक रोप गेलं नाही!"

केवढ्या कौतुकाने सांगत होते! आणि माझ्या पायाखालची जमीन सरकत होती. गारवा आणि तहान. काकांनी दोन्ही देऊन रोपांना त्यांचं त्यांचं संप्रेरक बनवायला लावलं होतं. आधीच पोट भरलेल्यांवर मी वरून फवारत होते. फरक दिसणार कुठून?

"अहो, मरायला हवी होती ती!" मी किंचाळले. "पाण्याची मरायलाच हवी होती! वाटोळं केलंत माझं!"

काका बादलीवरून उठले. "मरायला? मुद्दाम?"

"हो, मुद्दाम!"

"मग मला सांगितलं का नाहीत?"

नव्हतंच सांगितलं. वर्षभर येता-जाता एकच म्हणत होते, काका, रोपं नीट सांभाळा. राग त्यांचा आला होता, त्याहून जास्त माझा स्वतःचाच आला होता, आणि तो सगळा मी त्यांच्यावरच काढला.

ती पेरणी बाद केली. सरांच्या हातापाया पडून दीड महिन्याची मुदत मिळवली आणि पुन्हा पेरलं. या वेळी काकांनी ट्रे जागचे हलवले नाहीत. पाणी वेळेवर, ऊन वेळेवर, सगळं चोख. माझ्याशी बोलणं मात्र कामापुरतं.

निकाल लागला. फवारलेल्या एकशेवीसमधली एकशेदोन उभी, पाण्याच्या एकशेवीसमधली सतरा. मी नाचायचीच बाकी होते. सर चक्क हसले. काका खडू घेऊन खांबाशी गेले आणि काही न लिहिताच परत आले.

"झालं ना ताई तुमचं?" ते म्हणाले. "मग उरलेली मी नेऊ? कुंड्या भरून ठेवल्यात."

आधीच्या पेरण्यांची रोपं त्यांनी अशीच केंद्रातल्या लोकांना वाटली होती. जिथे फरकच नाही तिथे पुढचं मोजायचं काय, म्हणून मीही देऊन टाकली होती. या वेळी रोपं वाळवून त्यांचं वजन करायचं होतं. म्हणजे एकेक रोप कापायचं, कागदी पाकिटात घालायचं आणि दोन दिवस साठ अंशांच्या भट्टीत वाळवायचं. त्या आकड्यांशिवाय सर पुढे सरकू देणार नव्हते.

"नाही काका. भट्टीत जायचीत."

"कुठली?"

"सगळी."

"औषध मारलेलीपण?"

"हो."

"आणि ती सतरा?"

"काका, सगळी म्हणजे सगळी."

काकांनी खडू खिशात टाकला. "मग वाचवलीत कशाला?"

"अहो, वजन लागतं! मी काय हौसेने करतेय?" माझा आवाज पुन्हा चढला. इतक्या खस्ता खाऊन एकदाचं जमलं होतं, आणि या माणसाने एका वाक्यात त्यातली सगळी मजा घालवली होती.

त्यांनी हात धुतले आणि माझ्यासमोर येऊन बसले. एकट्याने पाकीट उघडं धरून रोप घालता येत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. मी कापत गेले, ते धरत गेले. एकशेएकोणीस पाकिटं.

दुसऱ्या दिवशी ते फाटकाजवळच्या हिरवळीवर होते. सकाळीच सरांकडे जाऊन बदली मागून घेतली होती. मी जाऊन म्हटलं, "काका, असं काय करता? चला ना परत." ते म्हणाले, "तुमचं काम बरोबर आहे ताई. माझ्याच्याने होत नाही."

सरांनी आठवड्यात नवा माणूस दिला. चुणचुणीत, वेळेवर येणारा. पुढच्या प्रयोगाला सहाशे रोपं हवी होती. या वेळी मी चूक केली नाही. कुठली जगवायची आणि कुठली मारायची, ते पहिल्याच दिवशी ट्रे दाखवून नीट समजावलं.

तो "बरं" म्हणाला आणि कामाला लागला.