तात्यांची डोहातली मोजणी

मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. मी मुलगी बघायला तिकोणा पेठेला गेलो, तेव्हा मुलीचे वडील, तात्या, पवनेच्या डोहात कमरेइतक्या पाण्यात उभे राहून कात्रीने माशाच्या शेपटीचा कोपरा कातरत होते. "बरं झालं आलात, हा जरा धरा," म्हणत त्यांनी जाळ्यातला दुसरा मासा माझ्या हातात दिला. तो अर्थातच निसटला.

"खुणेचा होता की बिनखुणेचा?"

"ओला होता," मी म्हणालो. एवढ्या उत्तरावर मुलगी कशी दिली, याचं माझ्या बायकोला अजून नवल वाटतं.

तात्या पुण्यात शास्त्र शिकवून गावी परतले होते, आणि डोहात मासे किती, या प्रश्नाने त्यांना पछाडलं होतं. "डोह उपसता येत नाही, जावईबापू. म्हणून आज धरलेल्यांना खूण करून सोडायचं आणि काही दिवसांनी पुन्हा जाळं टाकायचं. खुणेचेच फार आले तर मासे थोडे. खुणेचा शोधावा लागला तर पुष्कळ. न दिसलेल्यांची खबर दिसलेल्यांकडूनच घ्यायची!"

ही नुसती हौस नव्हती. डोहात मासे मारायचे नाहीत, हा गावाचा जुना नेम. पण त्या वर्षी तरुण मंडळींना जत्रेआधी जाळी टाकायची होती. कामशेतचा व्यापारी सगळे मासे उचलायला तयार होता. एका जत्रेत डोह ओस पडेल, ही तात्यांची धास्ती.

गाव देवळापुढे बसलं. तात्या म्हणाले, "दुसऱ्या खेपेला बहुतेक खुणेचेच आले. म्हणजे तेच ते मासे पुन्हा दिसतात. मासे थोडे आहेत." तात्या जिंकून खाली बसले, आणि लगेच पुन्हा उठले.

"थांबा. मी दोन्ही खेपांना जाळं घाटाच्या पायरीपाशीच टाकलं. तिथे लोक टाकतात त्या चुरमुऱ्यांना सोकावलेलेच येतात. आतल्या पाण्यातले आलेच नसतील. माझी मोजणी चुकली."

मी त्यांचा सदरा ओढत होतो. उपयोग झाला नाही.

"मास्तर, आता वो?" पोरं हसली. "टाकू का जाळं?"

गावातले वडीलधारे धोंडीआबा काठी आपटून म्हणाले, "लबाडी करायची असती तर मास्तर गप बसलं असतं. पुन्यांदा मोजू द्या. मोजनी हुईस्तवर जाळं न्हाई!"

ती मोजणी कधीच संपली नाही. एकदा पुरात वरच्या डोहातले मासे येऊन मिसळले, एकदा कातरलेल्या शेपट्या पुन्हा वाढल्या. दर खेपेला तात्या खुशीत आपली चूक देवळापुढे सांगत, आणि गाव थांबे.

तात्या गेले. त्यांचं दिवसकार्य झाल्यावर मी डोहावर गेलो. निघताना बायकोने त्यांची कात्री माझ्या हातात दिली होती. पाठोपाठ धोंडीआबा आले. त्यांच्यामागे जाळं घेऊन दोघे तरुण.

"जावईबापू, मास्तरांची मोजनी पुरी झाली का वो?"

"नाही, आबा. चालू आहे."

"ऐकलं का रं? जावा घरी."

ते गेले. आबा मात्र पायरीवर बसून माझ्याकडे बघत राहिले. मी धोतर खोचलं आणि पाण्यात उतरलो. पहिला मासा अर्थातच निसटला.

"खुनेचा व्हता का?" आबांनी विचारलं.

"ओला होता," मी म्हणालो, आणि दुसऱ्यासाठी वाकलो.