डाव्या बाजूचा ब्रेक

गावाला निघायच्या आदल्या संध्याकाळी मी गाडी तपासते. टायरची हवा, कूलंट, वायपर, स्टेपनी, जॅक, पाण्याच्या बाटल्या, आईच्या गोळ्या. हे सगळं एका कागदावर लिहिलेलं आहे आणि तो कागद स्वयंपाकघराच्या दारामागे चिकटवलेला आहे. कागद माझा, पण सगळ्यात वर लिहिलेला 'ब्रेक' हा शब्द आणि त्याखालच्या दोन जाड रेघा बाबांच्या.

गाडी लहान, पांढरी, सेकंडहँड. माझे यजमान माजरीच्या कोळसा खाणीत. त्यांच्या पाळ्यांमुळे त्यांचा रविवार कधी कुठल्या वारी येईल सांगता येत नसे. म्हणून गावाला जायचं ते आम्ही तिघांनीच: मी, आई आणि बाबा. गाव आष्टीचा पूल ओलांडून आत, जंगलाला लागून. तिथे काकूंचं घर आणि शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, आमची मोहाची झाडं. मोहफुलं पडायला लागली की त्या दिवसांत आम्ही शक्य त्या प्रत्येक रविवारी जायचो.

बाबा आयुष्यभर ड्रायव्हर होते. तेंदूपत्त्याच्या एका ठेकेदाराची जीप चालवायचे. एटापल्लीपासून सिरोंच्यापर्यंत कुठल्या नाल्यात किती पाणी असतं आणि कुठल्या चढावर कुठला गिअर टाकायचा हे त्यांना तोंडपाठ. मी कॉलेजात असताना त्यांनी मला त्याच जीपवर नदीच्या कोरड्या वाळूत गाडी शिकवली. त्या जीपचा ब्रेक दोन-तीनदा पंप केल्याशिवाय लागत नसे. "घाबरू नको," ते म्हणायचे, "थांबाचं असन तं आधीच मनातनं थांबून घे. ब्रेक मंग लागतेच." वाळूत रुतलेली जीप ढकलताना आम्ही दोघं हसून हसून थकायचो. बाप-लेकीचं आमचं जे काही होतं, ते बरंचसं त्या वाळूत झालं.

ते चंद्रपूरला माझ्याकडे राहायला आले तेव्हा त्यांनी एकच अट घातली. भाजी कोणती करायची, टीव्हीवर काय लावायचं, डॉक्टर कुठला, हे सगळं मी ठरवायचं. पण गावाला जाताना गाडी ते चालवणार. "गावातल्या लोकाइनं मले स्टेअरिंगवरच पाह्यलं आहे," ते म्हणाले. "बाजूले बसून गेलो तं इचारतीन, भाऊ, बिमार आहे का?"

मी हो म्हटलं. माझ्या दृष्टीने फार सोपी अट होती.

पहिल्यांदा ब्रेकची तक्रार आली ती कोठारीच्या पुढे. समोर गुरं आडवी आली आणि गाडी जिथे थांबायला हवी होती त्याच्या बरीच पुढे जाऊन थांबली. एक गाय बॉनेटला अंग घासून निघून गेली. बाबा घामाघूम झाले. "ब्रेक धरूनच नाई राह्यला व," ते म्हणाले. आम्ही तशीच हळूहळू गाडी परत आणली आणि मिस्त्रीकडे लावली. त्याने चाकं काढली. ब्रेक पॅड खरोखरच झिजले होते, आणि आत लाल माती साचली होती. सूरजागडकडून लोहखनिजाचे ट्रक त्या रस्त्याने येतात. त्यांची धूळ सगळीकडे शिरते. पॅड बदलले, प्रश्न मिटला असं मी समजले.

मिटला नाही. पुढच्याच वेळी बाबा म्हणाले, पेडल खाली जातं. मिस्त्रीने ब्रेकचं ऑइल बदललं, त्यातली हवा काढली. त्यानंतर एकदा ब्रेक इतका जोरात लागला की आईच्या मांडीवरचा आंबिलीचा डबा पुढच्या काचेवर गेला. गाडीला कितीतरी दिवस आंबूस वास येत होता.

"आतापरेंत लागत नोयता, आता लागला तं एकदमच लागला," आई मागून म्हणाली. "गाडीबी तुमच्यासारकीच हाये. बोलली तं बोलते, नाई तं नाई."

"तू गप बस. गाडीतलं तुले का समजते?"

"गाडीतलं नाई समजत. आंबिल सांडली ते समजते."

मागचे ब्रेक शू बदलले. मास्टर सिलिंडर बदलला. मिस्त्री आमच्याच भागातला, आम्ही त्याला मिस्त्रीभाई म्हणायचो. चांगला माणूस, पण शेवटी तोही वैतागला. "दीदी," तो हात पुसत म्हणाला, "आता या गाडीत ब्रेकच सबसे नया आहे. बाकी सारी गाडी त्याची आजी लागते."

"तरी लागत नाई न पण!" बाबा म्हणाले.

"मी चालवून आलो, बाबूजी. मस्त लागते."

"तू रिकामी गाडी चालवतं. आमी तिघं असतो, वरून मोहाचं पोतं."

"तं उद्या पोतं घेऊन या, मीबी बसतो, अन दीदी चालवतीन."

खरंच तसं केलं. मी चालवली, मिस्त्री बाजूला, बाबा आणि एक तांदळाचं पोतं मागे. ब्रेक जिथे हवा तिथे लागला. घरी आल्यावर बाबांनी दारामागच्या कागदावर, माझ्या यादीच्या वर, 'ब्रेक' लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. "तुह्या यादीत मेन गोष्टच नाई," म्हणाले.

त्याच सुमारास ते एकदा देवळातून एका पायात चप्पल घालून घरी आले. दुसरी वाटेत कुठेतरी निघून गेली होती. आईला आयता विषय मिळाला. "देवाले एक देऊन आले का? दोनी द्याच्या होत्या, जोडी तरी झाली असती." आम्ही सगळे हसलो, बाबाही हसले. त्यांचा साखरेचा आजार बराच जुना होता. ती चप्पल आणि हा ब्रेक ही एकच गोष्ट आहे हे तेव्हा आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही. आम्ही सगळे गाडीखाली बघत होतो.

मोह पडायच्या आधी आमच्याकडे झाडाखालचा पालापाचोळा जाळतात. जमीन काळी, साफ होते आणि पहाटे पडलेली पिवळट फुलं तिच्यावर लगेच दिसतात. वेचायला सोपं जातं. वनखात्याला हे आवडत नाही, आणि त्यांचं बरोबरही आहे; पण शेताच्या धुऱ्यावरच्या झाडाखाली बायका थोडं थोडं जाळून, हिरव्या फांदीने झोडपून विझवतात. आणि आमच्या घरात आणखी एक रीत आहे. मोहाखाली चपला घालून जायचं नाही. झाड पोटाला देतं, म्हणून.

त्या रविवारी धुऱ्याच्या टोकाच्या झाडाखाली काकूंनी आदल्या संध्याकाळीच पाला जाळला होता. आम्ही सकाळी पोचलो तेव्हा हवेत मोहाचा तो गोड, जड वास होता. बाबांनी नेहमीसारख्या चपला बांधावर काढल्या, टोपली घेतली आणि वाकून वेचायला लागले. मी आणि आई पलीकडच्या झाडाखाली होतो. काकू बाबांच्या जवळ.

एकदम काकू ओरडल्या. "भाऊजी! पाय काढा, पाय काढा! जळून राह्यला न!"

वरची राख थंड होती, पण झाडाचं एक मूळ आत धुमसत राहिलं होतं. बाबांचा उजवा पाय नेमका त्याच्यावर. पायाजवळून बारीक धूर निघत होता. मी धावले. बाबा हातात टोपली घेऊन उभे होते. त्यांनी काकूंकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"कुठी?" त्यांनी विचारलं.

मी त्यांना धरून बाजूला ओढलं. तळव्याची कातडी पांढरी होऊन उचलली गेली होती. काकूंनी बादलीभर पाणी आणलं. बाबा बांधावर बसले, पाय पाण्यात घातला आणि त्याच्याकडे बघत राहिले. बॉनेट उघडून बघतात तसं. काय बिघडलं ते शोधत. आई खाली बसून त्यांचा दुसरा तळवा बोटाने दाबून बघायला लागली, आणि त्यावरून मला कळलं की तिलाही समजलं आहे.

उजवा पाय. ब्रेकचा पाय.

परत निघताना सवयीने ते ड्रायव्हरच्या बाजूला गेले. दार उघडलं. ओल्या फडक्यात गुंडाळलेला पाय आत ठेवायला गेले आणि थांबले. काकूंच्या दारात शेजारपाजारची माणसं उभी होती, भाऊंना निरोप द्यायला. बाबांनी दार लावून घेतलं, गाडीला वळसा घातला आणि किल्ली माझ्यापुढे धरली.

"या गाडीचा ब्रेक लय खराब आहे," ते मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "माह्यानं नाई होत. पोरीलेच जमते ते."

"हो," मी म्हटलं. "मला सवय झाली त्याची."

पाय बरा व्हायला पूर्ण पावसाळा गेला. डॉक्टरांनी सांगितलं की साखरेमुळे पायाच्या नसा बधिर झाल्या आहेत. पेडल किती दाबलं ते पायाला कळत नाही, म्हणून कधी कमी पडतं, कधी जास्त. बाबांनी ते ऐकून घेतलं आणि पुन्हा कधी त्यावर बोलले नाहीत. गाडीच्या ब्रेकवर मात्र बोलत राहिले. गावात, लग्नात, पानठेल्यावर, कुणी विचारलं की, "भाऊ, आता काऊन नाई चालवत?" तर उत्तर ठरलेलं: "अरे, त्या गाडीचा ब्रेक! एवढे मिस्त्री झाले, कोणाले दोष नाई सापडला." एकदा हे ते मिस्त्रीभाईच्या समोरच म्हणाले. मिस्त्रीने माझ्याकडे पाहिलं. मी स्पार्क प्लगचा डबा वाचत उभी राहिले.

"हाव, बाबूजी," तो म्हणाला. "काई काई गाड्या राह्यते अशा. आपल्या हाताखाली नाई येत."

त्यानंतर बाबा डाव्या बाजूला बसायला लागले. सुरुवातीला मला वाटलं होतं की ते गावाला यायचंच बंद करतील. पण ते आले, दरवेळी आले, आणि बसल्या बसल्या अख्खा रस्ता चालवत आले. गोंडपिपरीच्या अलीकडचं वळण आलं की, "आता कमी कर." ट्रक दिसला की, "त्याले जाऊ दे, त्याच्या बापाचा रस्ता आहे." आणि माझ्या पायाच्या किंचित आधी त्यांचा उजवा पाय खालच्या मॅटवर दाबला जायचा. दरवेळी. कधी कधी मी मुद्दाम उशिरा ब्रेक मारायचे, त्यांचा पाय बघायला. तो बरोबर वेळेला जायचा. त्यांच्या कशाला ते कळत होतं, पायाला की डोळ्यांना, मला माहीत नाही. पण वाळूतल्या त्या जीपमध्ये ते जसे माझ्या शेजारी बसायचे, तसेच आता बसत होते. फक्त आता कुणी गाडी शिकत नव्हतं.

बाबा गेल्यावर मी गाडी विकायचा विचार केला. बघायला आलेल्या माणसाने सगळं तपासलं, ब्रेक दाबून पाहिला, खूश झाला. मग डाव्या बाजूच्या मॅटकडे बोट दाखवून म्हणाला, "मॅडम, हे इथं भोक कसं पडलं?" मॅट उजव्या टाचेच्या पुढे झिजून आरपार गेली होती. मी त्याला चहा दिला आणि गाडी विकायची नाही असं सांगितलं. तो थोडा नाराज झाला, साहजिक आहे.

आता आई पुढे बसते. तिला आयुष्यात कधी गाडी चालवता आली नाही, शिकायचीही नव्हती. मागच्या रविवारी मोहासाठीच निघालो होतो. आष्टीच्या पुलाच्या अलीकडे समोरून ट्रकांची रांग आली, मी वेग कमी केला, आणि सहज माझं लक्ष खाली गेलं. आईचा पाय त्या भोकावर होता. दाबलेला.

"लागते न व बराबर?" तिने समोर बघतच विचारलं.

"लागते," मी म्हटलं, आणि आम्ही ट्रक जायची वाट बघत थांबलो.