सुंदराबाईंची विडाल

आमच्या परळच्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्ताच्या नळ्या रोज धुतात. किस्से कुणी धूत नाही, त्यामुळे ते साचतात. एकट्या सुंदराबाईंचेच बघा.

बाईंची लालबागला खाणावळ. बायकामुलं कोकणात ठेवून आलेले वीस गिरणी कामगार त्यांच्याकडे जेवायचे. चार दिवस ताप उतरेना, म्हणून बाईंना वॉर्डात आणलं. टायफॉइडचा संशय. टायफॉइडनं माणूस जातो, हे विसांनाही ठाऊक.

मी सुई घेऊन गेलो तर वीसजण आडवे आले! "बाईंना टोचू नका. आमचं घ्या."

मी गंभीरपणे म्हटलं, "ठीक. लाइन लावा."

लावली की! बाह्या वर करून!

आमचे सीनियर सावंतकाका धावत आले. "मेल्या, मस्करी कसली करतंस!" मग त्यांनीच बाईंचं रक्त घेतलं. विसांनी डोळे मिटले. बाई काकांना विचारतात, "जेवलात का?"

*

टायफॉइडसाठी रक्ताची जी विडाल टेस्ट करतात, ती निगेटिव्ह आली. विसांनी वॉर्डभर पेढे वाटले. डॉक्टर पेढा खाऊन म्हणाले, "पहिल्या आठवड्यात नक्की कळत नाही. पुन्हा करू."

"हे पेढ्याच्या आधी सांगायचंत ना!" विसांतला एकजण म्हणाला.

*

दुसऱ्या रिपोर्टच्या दिवशी नेमका संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा. वीसजण तिथून थेट झेंड्यासकट आमच्या गेटवर. वॉचमननं गेट लावून डॉक्टरांना फोन केला, "साहेब, मोर्चा आलाय!"

"मागणी काय?"

"सुंदराबाईंचा रिपोर्ट मिळालाच पाहिजे!"

*

रिपोर्ट पॉझिटिव्ह. काकांनी नळी उजेडात धरली. "टायफॉइड असला की आत अशा गुठळ्या होतात."

विसांतला थोरला गणपत बराच वेळ बघत राहिला. "चूक आहे तुमची. बाईंच्या पिठल्यातसुद्धा कधी गुठळी नसते."

आणि रडायलाच लागला. त्या दिवशी मला मस्करी सुचली नाही.

*

औषध लागू पडलं, ताप उतरला, बाई घरी गेल्या. पण डॉक्टरांची अट होती : पोटातले जंतू गेल्याचं तपासणीत तीनदा दिसेपर्यंत बाईंनी कुणासाठी रांधायचं नाही.

तपासणीची बाटली द्यायला मी लालबागला गेलो. स्वयंपाक विसांनी केला होता. मऊ भात, मुगाचं वरण. इतकी वर्षं बाई सगळ्यांच्या शेवटी जेवायच्या. आज पहिलं पान त्यांचं. वीसजण रिकामी ताटं धरून उभे.

बाईंनी घास घेतला.

"कसं झालंय?" गणपतनं विचारलं.

पाहुणा म्हणून मलाही वाढलं होतं. मी चाखलं. मीठच नव्हतं!

बाईंनी ताट पुढे केलं. "आणखी वाढ रे थोडं."