अर्ध्या वाट्याची बदकं

आमच्या आत्तींना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, एखादी गोष्ट करू नका असं कधी सांगू नये. सांगितलं की ती होणारच. मी लग्न होऊन शहरातल्या राजारामपुरीतून या गावात आले तेव्हा ही सूचना मला कुणी दिली नाही, त्यामुळं सुरुवातीला माझा बराच घसा कोरडा पडला. आता मी गप्प बसते आणि चहा टाकते.

नाव मीनाबाई कांबळे. उंचीला जेमतेम माझ्या खांद्याला लागतात, पण हाक मारली की बांधापलीकडचं माणूस हातातलं काम टाकून वर बघतं. गाव गारगोटीपासून जवळच. घरामागं आमची थोडीशी जागा आहे. तिथं शेवग्याचं झाड, भाजीचे चार वाफे, कोंबड्यांचं खुराडं आणि मधोमध एक डबकं. घर बांधताना विटांसाठी माती काढली, त्याचा खड्डा झाला आणि खालून पाझर लागला. तेव्हापासून उन्हाळा लागेपर्यंत त्यात पाणी असतं.

त्या पाण्याकडं नुसतं बघत बसवेना म्हणून आत्तींनी गारगोटीच्या बाजारातून एक नर आणि दोन माद्या अशी बदकं आणली. मामा, म्हणजे माझे सासरे बाळासो, म्हणाले, "कोंबड्या हाईत की. ह्यांचं काय लोणचं घालायचं?" झालं. बदकं राहिली.

खरं सांगते, मला बदकांचा राग यायचा. अंगणभर घाण, दिवसभर कलकलाट. पण पाऊस ओसरला, कारळ्याची पिवळी फुलं बांधावर आली, भात पोटरीला आलं, की दुपार कलल्यावर आत्ती डबक्याकाठच्या दगडावर चहा घेऊन बसायच्या आणि मीही नकळत तिथं जाऊन बसायचे. कोंबड्या काठावर माती उकरत असायच्या. बदकं बाजाराला निघालेल्या बायकांसारखी एकामागं एक बोलत बोलत यायची आणि धपाधप पाण्यात पडायची. अंगावर पाणी उडालं की कोंबड्या शिव्या देत पळायच्या. आत्तींना हे रोज बघून रोज तेवढंच हसू यायचं, आणि त्या हसायला लागल्या की मलाही आवरायचं नाही. भातकापणी झाल्यावर तीच बदकं रानात सोडायची. सांडलेला दाणा आणि किडे खाऊन संध्याकाळी गळ्याची पिशवी भरून यायची.

ह्या वर्षी गणपती गेले त्याच आठवड्यात मोकाट कुत्र्यांनी घात केला. आम्ही सगळे भुईमूग काढायला गेलो होतो. परत आलो तर डबक्याभोवती नुसती बदकांची पिसं, कोंबड्या तेवढ्या झाडावर चढून वाचलेल्या. आत्ती खाली बसल्या आणि मोठ्यानं रडल्या. मग पदरानं तोंड पुसून उठल्या आणि भाताच्या तुसात ठेवलेली अंडी बघून आल्या. बदकाची सात होती.

त्याच संध्याकाळी मामांनी विषय काढला. धम्मपालनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, नुकतीच जुनी चारचाकी घेतली होती आणि ती उन्हापावसात रस्त्यावर उभी असायची. शेड मलाही हवी होती, नाही कशाला म्हणू?

"बदकं न्हाईत, मग डबकं कशाला?" मामा म्हणाले. "दसरा झाला की मुरमाची ट्रॉली टाकतो. वर शेड."

"बदकं होतील," आत्ती म्हणाल्या. "माझ्या पाण्याला हात लावायचा न्हाय."

"झाली तर न्हाय लावत, जा."

मामांनी हे हसत हसत म्हटलं, पण आत्तींनी ते गाठीला बांधलं.

पाळीव बदकं बहुधा अंडी घालतात आणि पुन्हा त्यांच्याकडं ढुंकून बघत नाहीत. ती उबवायची तर खुडूक, म्हणजे अंड्यांवर ठाण मांडून बसणारी, कोंबडी लागते. आमची भुरी तेव्हा नेमकी खुडूक होती, खुराड्यात बसून होती आणि हात घातला की टोचत होती. आत्तींनी तिच्याखाली बदकाची सात ठेवली आणि जागा उरली म्हणून कोंबडीची तीन सरकवली.

बांधापलीकडच्या शालूबाईंनी हे बघितलं. शालूबाई पाटलीण म्हणजे आमच्या आत्तींच्या तोडीस तोड आवाज. दोघींचं आयुष्य एकमेकींना ओरडून हाका मारण्यात गेलेलं. आमच्या घरामागं यायची गाडीवाटही त्यांच्याच बांधावरून.

"अगं मीने, पितरं चालल्यात! पंधरवड्यात अंडी बसवत्यात व्हय कुणी? गार पडतील सगळी."

"पितरं तुमच्यात," आत्ती इकडून ओरडल्या. "आमच्या सासऱ्यानं दीक्षा घेतली त्या दिवसापासनं आमच्यात पितरं न्हाईत. आन् अंड्यांस्नी काय ठावं, कुणाच्यात काय हाय ते?"

म्हणजे आता ती पिल्लं निघणं हा सगळ्या वाडीचा प्रश्न झाला. मामांना शेड, शालूबाईंना पितरांची अब्रू आणि आत्तींना त्यांचं पाणी.

तीन आठवडे भुरी इमानानं बसली. मग एका सकाळी खुराड्यातून चिवचिव आली. कोंबडीची तिन्ही पिल्लं निघाली होती. भुरी त्यांना पोटाखाली घेऊन थोडा वेळ बसली आणि उठून सरळ अंगणात चालू लागली. मागं सात अंडी तशीच.

आत्तींनी तिला धरून परत बसवलं. ती उठली. पाटीखाली कोंडली. तिनं पाटी उलथली. बाहेर पिल्लं ओरडत असताना कुठली आई अंड्यांवर बसेल?

मी मोबाईलवर बघितलं. कोंबडीला तीन आठवडे, बदकाला चार. दोन्ही एकाच दिवशी ठेवायचीच नव्हती. कोंबडीची अंडी आठवड्यानं मागाहून सरकवायला हवी होती. मी आत्तींना तसं सांगितलं.

"मग आदी का न्हाय बगितलंस?" त्या माझ्यावरच उखडल्या. "दिसभर तर त्यात तोंड घालून बसत्याय!"

मामा ओसरीवर दात घासत होते. "कोंबडी उठली, इषय संपला. टाक जा उकिरड्यावर," ते म्हणाले आणि लगेच ट्रॉलीवाल्याला फोन लावला. एवढी घाई मी त्यांना जेवायच्या वेळीसुद्धा करताना बघितलेली नाही.

आत्तींनी त्यांच्याकडं बघितलंही नाही. पातेल्यात पाणी कोमट केलं, त्यात अंडी अलगद सोडली आणि पाणी ठरेपर्यंत श्वास धरून बसल्या. मीही वाकून बघत होते. एक अंडं आपोआप डुचमळलं. मग शेजारचं. मग आणखी. सातातलं एकच गप्प राहिलं.

"जित्ती हाईत गं," आत्ती म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज एवढा बारीक मी पहिल्यांदा ऐकला.

सहा अंडी कापसात गुंडाळून त्यांनी कमरेला लुगड्याच्या ओच्यात बांधली आणि वाडीभर फिरल्या. "खुडूक कोंबडी हाय का गं?" कुणाची नुकतीच मोडली होती, कुणाची अजून अंडी घालत होती. खुडूक होती ती एकीकडंच, शालूबाईंची काळी. आणि शालूबाई तिची खुडूक मोडायला तिला रोज बादलीतल्या पाण्यात बुचकळत होत्या.

मी म्हटलं, "आत्ती, तिथं नको. त्या बोलून दाखवतील."

"बोलंना का. तोंड तिचं हाय. कोंबडी खुडूक हाय न्हवं?"

शालूबाईंचे घट बसलेले, नऊ दिवसांचा उपास. आत्ती पोटाशी हात धरून बांधावर उभ्या राहिल्या, तशा शालूबाई अंगणातून ओरडल्या, "तितंच थांब! अंडी घिऊन माज्या दारात येऊ नगंस. घट हाईत."

"न्हाय येत. कोंबडी दे."

"मी म्हटलंवतं का न्हवतं? गार पडतील म्हणून?"

"म्हटलंवतंस. पर गार न्हाय पडली. हलत्यात. आता पडतील, कोंबडी दिली न्हाईस तर." आत्तींनी ओच्यावरचा पदर सारखा केला. "फुकट न्हाय मागत. वाट्यानं दे. निम्मी तुझी."

आमच्याकडं ही रीत आहे. एकीची कोंबडी, दुसरीची अंडी, आणि निघतील ती पिल्लं दोघींत निम्मी निम्मी. पण आत्तींनी आजवर कुणाला वाटा दिल्याचं मला ठाऊक नव्हतं. शालूबाईंनी हातातली बादली खाली ठेवली.

"दिवं लागायच्या टायमाला आणतो," त्या म्हणाल्या. आमच्या भागात बायकाही अशाच बोलतात. "उजेडात हलीवली तर बसायची न्हाय. आन् तोवर पोटाला धरून बस, वाकू नगंस!"

संध्याकाळी त्या आल्या. डोक्यावर पाटी, पाटीत त्यांच्याच खुराड्यातला पेंढा आणि वर झाकलेली काळी. उपास असल्यानं अंड्याला हात लावणार नव्हत्या, म्हणून दाराबाहेर उभ्या राहून हुकूम सोडत होत्या. "मागनं सरकीव! मागनं! पुढनं हात आला की टोचंल." आत्तींनी एकेक अंडं मागून सरकवलं. काळी फुगली, हलली, आणि पसरून बसली. दोघीही बाया बराच वेळ तिच्याकडं बघत होत्या.

पुढच्या दिवसांत ऊन असं तापलं की अंगणात पाय ठेववेना. एखादी बदकीण बसलीच तर पाण्यातून ओल्या अंगानं येऊन बसते, कोंबडी कोरडी, म्हणून आत्ती रोज बोटांनी अंड्यांवर पाणी शिंपडायच्या. दसऱ्याला आम्ही पांढऱ्या साड्या नेसून विहारात गेलो. वंदना झाली आणि खीर वाटायच्या आत आत्ती गायब. घरी येऊन बघते तर पांढऱ्या साडीतच खुराड्यापुढं उकिडव्या बसलेल्या. शालूबाई रोज "माझी कोंबडी बघायला" यायच्या. दसऱ्यापर्यंत दारातून, घट उठल्यावर पार आत.

कोजागिरीच्या आदल्या दिवशी पहिलं अंडं फुटलं. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत सहाच्या सहा बाहेर, पिवळीधमक, चपट्या चोचीची. काळी त्यांच्याकडं जरा संशयानं बघत होती. मला रडू आलं. शेड हवी असणाऱ्या बाईला रडू आलं, हे मी मामांना कळू दिलं नाही.

आणि दोन दिवसांनी मुरमाची ट्रॉली आली. शालूबाईंच्या बांधावरून डुलत डुलत घरामागं उभी राहिली.

"पैज मी जिकली," आत्ती म्हणाल्या.

मामा घुटमळले. "अगं, एवडीशी पिल्लं. त्यास्नी घमेलंभर पाणी रग्गड झालं. ट्रॉली आलीया आता, माघारी कशी लावू?" त्यांनी ड्रायव्हरला मागं घ्यायची खूण केली.

मला वाटलं, आता आत्ती आकाश पाताळ एक करणार. पण त्यांनी फक्त तोंड बांधाकडं वळवलं आणि हाक मारली. "शालाक्का! तुज्या बदकांचं पाणी बुजवाय लागल्यात गं!"

शालूबाई हातातल्या खुरप्यासकट आल्या. ट्रॉलीच्या मागच्या फाळक्यापुढं उभ्या राहिल्या.

"बाळासो, त्यात माजी तीन हाईत. माजा वाटा बुजीवतोस व्हय?"

"वयनी, गाडीला शेड..."

"घाल की शेड. आन् गाडी आणणार कुटनं? माज्याच बांधावनं न्हवं?"

ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. मामांनी एकदा बांधाकडं बघितलं, एकदा आत्तींकडं. आत्ती पाटीतली पिल्लं एकेक करून पाण्यात सोडत होत्या. सहाही पिल्लं उपजत ठाऊक असल्यासारखी तरंगली. काळी मात्र काठावरून वेड्यासारखी पळत सुटली. "अगं, बुडत न्हाईत ती, गप!" असं शालूबाई तिला समजावत होत्या.

मुरूम शेवटी आमच्या दारातल्या चिखलाच्या वाटेवर पडला. वाट छान झाली. गाडी अजून रस्त्यावरच उभी असते आणि वारा सुटला की घरामागच्या शेवग्याची पानं तिच्यावर येऊन पडतात.

मी आत्तींना विचारलं, "वाटा देतानाच हे ठरवलं होतं ना तुम्ही?"

"कोंबडीचा वाटा द्यायचाच असतोय. रीत हाय ती," एवढंच म्हणून त्यांनी दगडावर सरकून शालूबाईंना जागा केली. मी दोन कप चहा आणून दिला. दोघींचं लगेच सुरू झालं.

"ती म्होरली माजी."

"म्होरली तुझी कशानं? तिला मी आदी पाण्यात सोडली."

सहाही पिल्लं हुबेहूब सारखी, त्यात एका ठिकाणी ठरत नाहीत. कुठली तीन कुणाची याचा निकाल अजून लागलेला नाही, आणि तो लागेपर्यंत डबक्यात मूठभर मातीसुद्धा पडणार नाही, असं आत्तींनी मामांना बजावून ठेवलंय.