जनूकाकांच्या दोन भिंती

जनूकाका कुणाच्याही घरी गेले तरी लगेच बसत नसत. चपला दाराबाहेर काढायच्या, हॉलभर एक नजर फिरवायची आणि जो फोटो किंवा कॅलेंडर तिरकं दिसेल त्याचा खालचा कोपरा एका बोटाने सरकवून सरळ करायचा. मग बसायचं. कुणी हसलं तर म्हणायचे, "माणूस वाकडा असला तर चालंल. त्याला बोलता येतं. फोटोला बोलता येत न्हाय."

आमची पहिली भेटही अशीच झाली. भाईंदरच्या गोडदेवमधल्या या बिल्डिंगमध्ये आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. मी स्टुलावर चढून नुकत्याच लावलेल्या घड्याळाशेजारी ड्रिल मशीनने कॅलेंडरसाठी भोक पाडत होते आणि नवरा स्टूल धरून उभा होता. आवाज ऐकून समोरच्या दारातून बनियन आणि लुंगीतले एक गृहस्थ आत आले. आधी माझ्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "मशीन बायकोच्या हातात, आन् स्टूल तुमच्या? बरा हाय." मग घड्याळाकडे बोट दाखवून म्हणाले, "पन वाकडं लावलंस गो बाय." मी म्हटलं, "मोजून लावलंय." त्यावर म्हणाले, "मापाला सरळ हाय. भिंतच वाकडी हाय. आमच्याच जमिनीवर बांधलीय, बिल्डरला मीच शिव्या घातल्यात." ते जनार्दन म्हात्रे. सगळी बिल्डिंग त्यांना जनूकाका म्हणायची. वडिलांनी जन्मभर मिठागरात काम केलं, काकांनी इथल्याच स्टीलच्या कारखान्यात पॉलिशच्या मशीनवर. जमीन गेली, तिच्या जागी दोन फ्लॅट मिळाले. एक लेकीच्या लग्नात विकला, दुसऱ्यात काका आणि इंदूकाकू राहायचे.

त्यांच्या हॉलमध्ये फोटोंच्या दोन भिंती होत्या आणि त्यांची कधी सरमिसळ व्हायची नाही. दारासमोरची भिंत गेलेल्यांची. तिथे आईवडील, थोरला भाऊ, एक आजोबा, सगळे छताजवळ, दोरीवर पुढे झुकवून टांगलेले, म्हणजे वरून वाकून घरात बघताहेत असं वाटावं. सोफ्याच्या वरची भिंत असलेल्यांची. तिथे लेक लता, जावई, नातवंडं, काकाकाकूंचा लग्नातला फोटो. "तिकडं नमस्कार करायचा, इकडं भांडायचं," असा काकांचा हिशेब होता.

गेलेल्यांच्या भिंतीवर एकच फोटो खाली होता, हात पोचेल इतका. तो प्रशांतचा, त्यांच्या मुलाचा. घोडबंदर रोडवर मोटारसायकलच्या अपघातात गेला, आम्ही राहायला यायच्या आधी. फोटोला चंदनाचा हार होता. इंदूकाकू रोज सकाळी चहाच्या आधी ओल्या फडक्याने काच पुसायच्या आणि हार जागेवर नीट बसवायच्या. रडताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. दुःख जुनं झालं की त्याचं घरकाम होतं, तसं काहीसं.

मग काकू विसरायला लागल्या. आधी गॅस, मग लताच्या मुलांची नावं. डॉक्टरांनी सांगितलं, हे वाढतच जाणार. एका सकाळी मी कणीक मळत होते आणि समोरून किंकाळी आली. पिठाच्या हातांनीच धावले. काकू भिंतीसमोर उभ्या होत्या. "माज्या प्रशांतला हार कुनी घातला? जित्या पोराला हार घालता?" काकांनी त्यांना धरून खाली बसवलं आणि खरं ते सांगितलं. काकू कोसळल्या. जसं आताच कुणीतरी खबर घेऊन आलं होतं.

दुपारपर्यंत त्या सगळं विसरल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी फडकं घेऊन भिंतीजवळ गेल्या आणि पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही. मग काका माझ्या दारात आले. आत आले, माझं कॅलेंडर सरळ केलं आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "बाय, मशीन घेऊन चल. सोफ्याच्या भिंतीवर एक भोक पाडायचंय."

कशाला ते माझ्या लक्षात आलं. मी आडपडदा ठेवणारी बाई नाही. म्हटलं, "काका, हे बरोबर नाही. आज लपवाल, उद्या त्या विचारतील, कुठे आहे तो? परवा विचारतील, भेटायला का येत नाही? किती दिवस खोटं बोलणार?"

ते म्हणाले, "मानूस एकदा मरतो गो. माजा पोऱ्या रोज सकाळी चहाच्या आधी मरतोय."

मी मशीन उचललं.

प्रशांतचा फोटो असलेल्यांच्या भिंतीवर गेला, लता आणि नातवंडांच्या मधे. काकांनी हार उतरवला आणि तो कुठे ठेवावा हे त्यांना कळेना. घरात ठेवला तर काकूंच्या हाती लागणार, टाकून द्यायचा तर हात धजेना. शेवटी मीच तो ड्रिलच्या डब्यात टाकला आणि घरी आणला.

त्या दिवसापासून प्रशांत सेकंड शिफ्टला जायला लागला. काकूंनी विचारलं की काका म्हणायचे, "कंपनीत गेलाय. उशीर होनार हाय." काकू समाधानाने मान हलवायच्या आणि बोंबलाच्या कालवणातला एक वाटा झाकून ठेवायच्या. सकाळी ताट रिकामं दिसलं पाहिजे, म्हणून ते काका खायचे. "पोराच्या वाटचं खाऊन माजी शुगर वाढली," असं मला हसत सांगायचे. वरच्या मजल्यावरच्या नयनाबेननी एकदा विचारलं, "म्हात्रेभाई, बेटे का हार क्यूं निकाला? अच्छा नहीं लगता." काका शांतपणे म्हणाले, "बेन, कीडा लगा था चंदन को. नया लाना है." तो नवा हार काही आला नाही आणि नयनाबेननीही पुन्हा विचारलं नाही.

हे खोटं काकांना किती जड जात होतं, ते मला उशिरा कळलं. ते रोज पाच-दहा मिनिटं माझ्याकडे यायला लागले. काही काम नसायचं. कॅलेंडर सरळ करायचे, चहा घ्यायचे आणि जाताना एकदा म्हणायचे, "गेला गो माजा पोरगा." मी म्हणायचे, "हो काका." बस, एवढंच. एके दिवशी स्वतःहून म्हणाले, "आपल्या घरात त्याच्यासाठी रडता येत न्हाय. एकदा तरी खरं बोलायला कुठंतरी जागा पायजे."

पितृपक्षात मुलाचं पान त्यांनी माझ्या घरून ठेवलं. वडे आणि खीर मी केली. पान ठेवायला जागा म्हणजे खिडकीबाहेरचा एसीचा डबा. काका हात जोडून उभे. कावळा समोरच्या गच्चीवर बसून बघत होता, पण येईना. कबुतरं तेवढी आली, ती मी हाकलली. काका हळूच म्हणाले, "आईजवळ जिता, बापाजवळ मेलेला. कुठं यावं ते त्याला कळत नसंल." मग मोठ्याने, खिडकीच्या गजांना धरून म्हणाले, "आईला मी शेवटपर्यंत सांभाळतो रे. तिला काय कळू देनार न्हाय. खा आता." कावळा आला. तो वासाने आला की कशाने, त्यात मी पडत नाही. काका मात्र तिथेच जमिनीवर बसले आणि भरपूर रडले. मी त्यांच्या पाठीमागे उभी राहिले. मग पाण्याचा तांब्या आणून दिला.

शेवटपर्यंत सांभाळणं काही त्यांच्या हाती राहिलं नाही. एका दुपारी छातीत कळ आली, आम्ही रिक्षात घालून नेलं, आणि ते परत आले ते ॲम्ब्युलन्समधून. काकू सगळ्यांबरोबर रडल्या. संध्याकाळी मला विचारलं, "एवढी मानसं कशाला आलीत गो? आन् हे कुठं गेले?"

बाराव्याला लताने काकांचा मोठा फोटो करून आणला, नवा चंदनाचा हार घालून. मला म्हणाली, "ताई, समोरच्या भिंतीवर भोक पाडून द्या." मी तिला बाजूला घेऊन समजावलं. ती चिडली. "दादाचा हार बाबांनी काढला, आम्ही गप्प बसलो. आता बाबांनाही हार नाही? जन्मभर त्यांनी त्या भिंतीवर सगळ्यांना मान दिला. त्यांना कुणी द्यायचा?" तिचं चूक नव्हतं. मी भोक पाडून दिलं. फोटो टांगला.

दुसऱ्या दिवशी सकाळी समोरून तीच किंकाळी आली. मी धावले नाही. ओट्याला धरून उभी राहिले. थोड्या वेळाने बेल वाजली. दारात लता होती, डोळे सुजलेले, हातात हार. "ठेवा तुमच्याकडे," एवढंच म्हणाली. मी मशीन घेऊन तिच्या मागे गेले.

आता काका सोफ्याच्या भिंतीवर आहेत, प्रशांतच्या शेजारी. लता मुलांना घेऊन इथेच राहायला आली आहे. काकूंनी विचारलं की ती सांगते, "बाबा बाजारात गेलेत, दादा कंपनीत." काकू दोन वाटे झाकून ठेवतात. परवा तिथे गेले तेव्हा काकांचा फोटो जरासा तिरका वाटला. एका बोटाने सरळ केला आणि मग बसले.

खरं तेच सांगावं, या मताची मी आजही आहे. पण बिल्डिंगमधलं कुणी ड्रिल मागायला आलं की त्याला दारातच थांबवते. डबा उघडून आधी दोन हार बाहेर काढावे लागतात.